लाभ आणि एक

पोशीरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी त्याच्याच अंगणात उभं राहून चोर म्हणालो. त्याने काहीच चोरलं नव्हतं. मला मोजता येत नव्हतं.

आता हे मोजता न येणं साधंसुधं नव्हे. माझे वडील कर्जतला शाळामास्तर. घरात दिवेलागणीला परवचा व्हायचा, त्यामुळे पावकी, निमकी तर सोडाच, साडेतिनाची औटकीसुद्धा मी झोपेत म्हणत असे. पण बाजारात मी भाव विचारला की आई पदर सावरून तडक पुढे चालू लागायची. भाजीवाली म्हणेल तो भाव आणि देईल ती जुडी. कुणी काही मोजून देत असेल तर तिकडे पाठ करायची, अशी आमच्याकडे रीतच होती. बघत उभं राहणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं. शेजारच्या वाण्याचा मुलगा माझ्याच वर्गात. त्याला सतराचा पाढा शेवटपर्यंत आला नाही, पण तराजूवर त्याची नजर अशी, की पारड्यात माशी बसली तर तिचंही वजन वजा करील.

बाविसाव्या वर्षी माझ्या डोक्यात व्यापार शिरला. नेमकी त्याच सुमाराला वडिलांनी खटपट करून खालापूरच्या शाळेत माझ्यासाठी जागा मिळवली. आठ दिवसांत होकार कळवायचा होता.

मी म्हणालो, "हे आठ दिवस मला द्या. एका मालात नफा झाला तर मी मास्तर व्हायचा नाही."

"आणि नाही झाला तर?"

"तर जन्मभर तुम्ही म्हणाल तसं."

हे शेवटचं बोलायला मला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. ते बोललो आणि माझी झोप उडाली. सकाळी उठून स्टेशनावर जायचं, घाट चढणाऱ्या गाड्यांना जोडायची इंजिनं बघायची, घरी यायचं, कोनाड्यातलं शाळेचं पत्र काढून वाचायचं, घडी घालायची, की पुन्हा स्टेशन. जेवताना मांडी हलत राही आणि आई म्हणे, "पाट मोडशील रे."

माथेरानच्या हॉटेलांना तांदूळ नेरळहून वर जातो, एवढं व्यापारी ज्ञान मला होतं. मुंजीतली अंगठी विकली आणि पोशीर गाठलं. म्हातारा पायलीने मोजून पोत्यांत तांदूळ भरू लागला. मी घरच्या वळणाप्रमाणे पाठ करून ओटीवर बसलो आणि त्याच्या म्हातारीला मुंबईच्या बातम्या सांगितल्या. प्रत्येक मण सुरू होताना मागून "लाभ" एवढं मात्र कानावर पडत होतं. बरं वाटलं. म्हटलं, देवाची आठवण ठेवून मोजतात, भली माणसं.

दहा मण घेऊन बैलगाडी नेरळला आली. हॉटेलांना माल पुरवणारा ठेकेदार म्हणाला, "मास्तरांचे चिरंजीव तुम्ही. तुमच्यावर का अविश्वास? तुम्हीच मोजा."

मी बाह्या सरसावल्या. पहिली पायली ओतली आणि खणखणीत म्हणालो, "लाभ!" दुसरी ओतली, "एक." तिसरी, "दोन."

ठेकेदाराने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग फार मायेने म्हणाला, "मोजा, मोजा. आवाज गोड आहे तुमचा." हमालाने तोंडावर पंचा धरला. सोळा झाल्या की मण पुरा, आणि नव्या मणाला मी पुन्हा नव्या भक्तीने "लाभ!"

दहावा मण सहावरच संपला. दहा पायल्या कमी! आणि माझा सगळा नफा त्या दहा पायल्यांतच होता. शाळेला कळवायला एक दिवस उरला होता. मी तसाच उन्हातून पायी पोशीरला गेलो आणि म्हाताऱ्याला चोर म्हणालो.

तो रागावला नाही. आतून पायली आणली, तांदळाचा ढीग पुढे केला आणि म्हणाला, "तुमी कशी मोजली, ती दावा."

"लाभ! एक, दो..."

"थांबा, थांबा. ह्या लाभाचं काय केलं तुमी?"

"लाभ देवाचा. मोजणी त्यानंतर."

म्हातारी होती तिथेच खाली बसली. "अगं बाय! दर मनाला देवाला पायली! आन् देव कोन, तर नेरळचा ठेकेदार!"

"लाभ म्हंजेच एक," म्हातारा म्हणाला. "धान मोजताना एक म्हनत नाय. आमच्या नातवाला अजून नीट चालता येत नाय, पन ह्ये येतं. तुमाला घरात कोनी सांगितलं नाय?"

घरात औटकी सांगितली होती. मी पाया पडून माफी मागितली. तरी पाय निघेना.

"आजोबा, आणखी एक खेप करून बघू का? आता चूक कळली. उद्यापर्यंत वेळ आहे. नाहीतर जन्मभर मास्तरकी."

म्हाताऱ्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नको रं बाबा. तुमी शाळंतच जा. तिथं तुमी चुकला तरी छडी पोरांनाच बसंल."