सुनंदाबाईंचा विकास

माणूस शोधून काढण्यात आमच्या साहेबांचा हात धरणारा अख्ख्या विदर्भात कोणी नव्हता, आणि सापडलेल्या माणसाला कामातून उठवण्यात उभ्या महाराष्ट्रात नसेल. साहेब पुण्याचे. कापूस पडून राहू लागला, आमचा यवतमाळ जिल्हा रोज पेपरात यायला लागला, तेव्हा आमच्या कापूस खरेदीवाल्या बड्या कंपनीला एकाएकी आमचा पुळका आला. वरून हुकूम सुटला : सगळ्या समाजांची, सगळ्या बोलींची माणसं घ्या आणि त्यांचा विकास करा. साहेबांनी तो इतका मनावर घेतला की विचारू नका! मी वणीचा, बौद्ध घरातला टायपिस्ट. माझी टायपिंगची परीक्षा राहिली बाजूला, आधी फोटो काढला. पुढं कंपनीच्या प्रत्येक कॅलेंडरवर मी हसतो आहे. बढतीच्या यादीत मात्र मी कुठं दिसलो नाही. वेगवेगळ्या बोलींची माणसं हौसेनं जमवायची आणि मग सगळ्यांना एकच बोली शिकवायची, हा साहेबांचा खाक्या. टेबलावर एक घंटी असे. कुणी 'मले' म्हटलं की टिंग! एकदा मी म्हणालो, "साहेब, मले ताप हाय." आधी घंटी वाजली, मग रजा मिळाली. अन् संध्याकाळी हेच साहेब मऊ भाताचा डबा घेऊन माझ्या दारात हजर. आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं, सांगा!

त्यांचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे सुनंदाबाई. कळंबजवळच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या. मूठभर कापूस गालाला लावला की ओल किती ते मशीनच्या आधी सांगायच्या. पण आमच्या खरेदी केंद्रावरचं त्यांचं काम हंगामापुरतं. हंगाम संपला की पोरीला सासऱ्याजवळ टाकून कामासाठी परमुलूख गाठायचा. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची कायम जागा निघाली, तेव्हा बाई म्हणाल्या, "सायेब, ते जागा मले पाह्यजे. पोरीजवळ राहीन म्हन्ते." टिंग! आणि विकास सुरू झाला. घरी पत्र गेलं : सुनंदाच्या विकासासाठी तिला चार दिवस नागपूरला पाठवावे. तिसऱ्या दिवशी सासरा हजर. "हा इकास कोन होय? आमची सून त्याच्यासाठी नागपूरले कायले जाईन?" साहेबांनी तासभर तक्ते दाखवून समजावलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकलं आणि उठता उठता म्हणाला, "समदं समजलं सायेब. पन त्या पोट्ट्याले एकडाव दाखवा."

अशी सहा प्रशिक्षणं झाली. बसायचं कसं, हसायचं किती, सगळं झालं. कापसाचा विषय तेवढा कुणी काढला नाही. मग मुख्य कचेरीचे तीन अधिकारी मुलाखतीला आले. त्यांनी उत्तम म्हणून बरोबर आणलेला कापूस टेबलावर ठेवला आणि बाईंचं मत विचारलं. बाई शिकवल्याप्रमाणे ताठ बसून, मांडीवर हात जुळवून म्हणाल्या, "छान प्रश्न आहे, सर. टीमशी चर्चा करून सांगते." झालं! मधल्या अधिकाऱ्यानं 'आणखी विकास आवश्यक' असं लिहायला घेतलं. मी कोपऱ्यात नोंदी करत होतो, माझी बोटं थांबली. बाईंची नजर कापसावर खिळली होती. तेवढ्यात आमचे साहेब खुर्ची ढकलून उठले आणि ओरडले, "थांबा हो जरा, लिहू नका! सुनंदाबाई, मी शिकवलेलं सगळं विसरा! तुमाले... तुमाले काय वाटून राह्यलं ते सांगा!"

बाईंनी मूठभर कापूस उचलून गालाला लावला. "वला हाय, सायेब. पानी मारेल हाय याले. कोनं फसवलं तुमाले?" अधिकाऱ्यांनी मशीन मागवलं. मशीनही बाईंचंच ऐकत होतं. बाईंना जागा मिळाली, आणि वरिष्ठांवर आवाज चढवल्याबद्दल आमच्या साहेबांना बदली मिळाली, तीही जिथं औषधालासुद्धा कापूस पिकत नाही अशा ठिकाणी.

आम्ही सगळे त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी सुटायच्या बेतात असताना साहेबांनी खिडकीतून विचारलं, "सुनंदाबाई, कापूस असा गालाला लावून ओळखायला तुम्हाला शिकवलं कोणी?" सहा प्रशिक्षणं झाली, पण हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा सुचला. मला खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. "माह्या मायनं," असं बाई म्हणतात तोच गाडी हलली. बाई गाडीबरोबर चालत चालत सांगत राहिल्या, आणि साहेब मान बाहेर काढून, कंडक्टर ओरडत होता तरी, ऐकत राहिले.