गाठी नाहीत, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, आणि मंदाला, जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. आज सकाळी वाटलं, आता पुरे. लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला छाती हलकी वाटायला लागली. इतकं सोपं होतं का हे? मग इतकी वर्षं मी काय सांभाळत बसले होते?

मंदा माझी कॉलेजातली मैत्रीण, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आपल्या भागात सोयाबीन तेव्हा नवीन होतं. या पिकाच्या मुळांवर बारीक गाठी धरतात, त्यांत जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र ओढून झाडाला देतात. आपल्या मातीत ते जिवाणू जवळजवळ नव्हतेच. नागपूरच्या उन्हाळ्यातही तग धरतील असे जिवाणू मंदाने निवडून निवडून वाढवले. तेही कुठे, तर धंतोलीत आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत, काचेची भांडी भल्यामोठ्या प्रेशर कुकरमध्ये उकळून! कन्हानहून आणलेल्या कोळशाची पूड करून त्यात ती जिवाणू मिसळायची, मी पाकिटं भरायची. शेतकऱ्याने ते गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि पेरायचं. सगळे त्याला कल्चर म्हणत.

शोध तिचा, धंदा माझा, अशी आमची वाटणी. माझ्या वडिलांचं इतवारीत बियाण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक परत कसं आणायचं, हे मी लहानपणापासून पाहत आले होते.

एका दुपारी पाकिटं चिकटवता चिकटवता मंदा म्हणाली, "अवं, एकदा हे जिवाणू वावरात मुरले, तर दुसऱ्या साली काहून घ्या लागेल कल्चर? मले तर वाटून राहिलं, ते मातीतच टिकत असतील."

"मग आपण विकायचं काय?"

"पाहणी," ती म्हणाली. "शेतकऱ्यानं झाड उपटून आणायचं. आपण मुळं पाहायची आणि सांगायचं, तुले कल्चर लागते का नाही लागत. त्याची फी घ्यायची."

मी हसले. तुम्हाला गरज नाही, हे ऐकायला कोण पैसे देणार? पण हसता हसता आतून घाबरले. कारण तिचं खरं निघालं, तर दरवर्षी एकेक गाव आमच्या हातून जाणार होतं. शोध जितका चांगला, तितकं दुकान लवकर बंद — असा कुठे धंदा असतो का?

मंदाने खात्री करून घ्यायचं ठरवलं. पारशिवनीजवळ तिच्या मामांचं शेत होतं. पहिल्या साली तिथे सगळीकडे कल्चर लावून पेरलं. दुसऱ्या साली अर्ध्या शेतात मुद्दाम लावलं नाही. त्या अर्ध्यातल्या मुळांवर गाठी धरल्या, तर मंदाचं म्हणणं खरं. यावरचा तिचा निबंध एका परिषदेत वाचला जाणार होता. शेवटचा निष्कर्ष तेवढा जोडायचा राहिला होता.

आणि नेमकी तिला कावीळ झाली. शेतावर मी एकटी गेले.

मामा त्या दिवशी कळमन्याच्या बाजाराला गेले होते. मी चिखल तुडवत बांधापर्यंत पोचले, कल्चर न लावलेल्या अर्ध्यातलं झाड उपटलं, मुळं पाण्यात खळबळली — गाठी होत्या. ज्वारीच्या दाण्यांएवढ्या, गच्च. एक नखाने फोडली. आत लालसर. म्हणजे जिवंत, कामाला लागलेली. दुसरं झाड उपटलं, मग आणखी लांबचं. सगळीकडे तेच. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? माझ्या मैत्रिणीचं म्हणणं मातीने मान्य केलं होतं. मला मात्र न खपलेल्या पाकिटांचे ढीग दिसायला लागले. उपटलेली झाडं मी नाल्यात फेकली, हात धुतले, मामींच्या हातचा चहा प्याले आणि बसमध्ये बसले.

मंदा खाटेवर पडून होती. डोळे पिवळेजर्द. "सांग ना वं, काय दिसलं?"

"काही नाही गं," मी म्हणाले. "एखाददुसरी गाठ. तीही वाळलेली."

तिने उशाजवळचा निबंध उलटा करून ठेवला. मग म्हणाली, "बरं झालं तू जाऊन आली. नाही तर मी लोकांले चुकीचंच सांगितलं असतं."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी तिच्यासाठी मोसंबी सोलत बसले.

तिने निबंध मागे घेतला. आणि पुढचे काही हंगाम मंदाच गावोगावच्या बैठकांत उभी राहून सांगत होती, कल्चर दर साली घ्या. माझं खोटं तिच्या तोंडून बाहेर पडत होतं, आणि लोक मानत होते — कारण मंदा कधी खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. धंदा छान चालला. मी पाकिटं भरायची मशीन घेतली, माणसं ठेवली.

मग एका पोळ्याला ती मामांकडे गेली. मामांना त्या साली पाकिटं कमी पडली होती, म्हणून एक तुकडा त्यांनी तसाच पेरला होता. दुसऱ्या दिवशी मंदा थेट माझ्या दारात. हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेली झाडं. "पाह्य! पाह्य हे!" मुळं माझ्या नाकापुढे धरून ती लहान मुलीसारखी हसत होती. आता ती विचारणार, असं वाटलं.

तिने विचारलंच नाही. उलट स्वतःच म्हणाली, "त्या साली पाऊस कमी असंल. नाही तर झाड उपटतानी गाठी मातीतच तुटून राहिल्या असतील. होते असं."

त्या साली पाऊस कमी नव्हता. आणि गाठी मुळांवरच होत्या. मी म्हणाले, "हो, असेल." तिने मला माफ करायला एक कारण स्वतः शोधून आणलं आणि मी ते मुकाट्याने खिशात घातलं. पहिलं खोटं मी घाबरून बोलले होते. हे दुसरं? मला त्या क्षणी चक्क सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच लाज मला जास्त वाटते.

तोवर दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्या राज्यात, हीच गोष्ट मांडून टाकली होती. मंदा म्हणाली, "चला, कोणाले तरी दिसलं." आम्ही पाकिटावर खरं ते छापलं आणि पाहणी सुरू केली. लोक आले. गरज नाही असं सांगितलेला माणूस पुढच्या साली पुन्हा विचारायला यायचा, येताना शेजाऱ्याला घेऊन यायचा. पाकिटं कमी खपली, पण आम्ही दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत त्या दोन खोल्या चालल्या. मी ज्याला घाबरले होते, ते कधी झालंच नाही.

त्या मधल्या हंगामांत ज्यांनी माझ्यामुळे विनाकारण कल्चर घेतलं, त्यांतले कितीतरी आता नाहीत. मंदाचं नाव जिथे लागायला हवं होतं, तिथे ते लागलं नाही. यातलं काहीच आता फिरवता येणार नाही, आणि मी तसा आवही आणत नाही.

मंदा नागपुरातच आहे. शनिवारी माझ्याकडे येते. या शनिवारी हे कागद मी तिच्या हातात देणार आहे. वाचून ती काय म्हणेल, बसेल की उठून जाईल, पुन्हा येईल की नाही, ते तिचं ती ठरवेल. मी चहा ठेवीन आणि ती वाचत असताना तिच्या समोर बसून राहीन.