पंजाबरावांची बोटं

आमच्या उंद्रीचे पंजाबराव दूधवाल्यासमोरच दूध हुंगून बघतात आणि पाहुणा हसला तरी म्हणतात, "ह्याचं काईतरी काम असन."

त्यांच्या शेडनेटमध्ये टोमॅटोचं संकरित बियाणं तयार होतं. बाया संध्याकाळी मादी झाडाच्या कळीतला नर भाग चिमट्याने काढतात, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. कळीला स्वतःच्याच वाणाचे पराग लागले की बी भेसळीचं. म्हणून पंजाबरावांनी प्रत्येक बाईला वेगळ्या रंगाचा धागा दिला. आपल्या फुलाला आपला धागा, आणि प्रत्येक धाग्याचं बीही वेगळं ठेवायचं. कामचुकार सापडलाच पाहिजे! एवढ्यानेही त्यांचं समाधान होईना. बाया घरी गेल्या की ते आत शिरून फुलं बोटांनी उघडून बघत.

बी कंपनीत गेलं आणि भेसळ निघाली; कोणत्या धाग्यात ते अजून कळलं नव्हतं. बेबीताईचा हात सगळ्यांत चपळ, म्हणून संशय तिच्यावरच. पंजाबराव चारचौघांत म्हणाले, "हे तुह्याच हाताचं काम हाय."

"भाऊ, आता मले कोण कामाले बोलावीन?" बेबीताई म्हणाली आणि चिमटा ठेवून गेली. खरंच कोणी बोलावलं नाही. मला पंजाबरावांचा असा संताप आला!

मग सविस्तर निकाल घेऊन कंपनीच्या प्रयोगशाळेतली मंजुश्री आली. म्हणाली, "काका, बियातल्या अंकुराच्या प्रत्येक पेशीत आईबापाचा डीएनए असतो. हव्या तेवढ्या भागाची प्रत काढून पेशी त्यावरून प्रथिनं बनवते. खऱ्या संकरित बियात दोघांचीही प्रथिनं दिसतात. तुमच्या काही बियांत बापाचं प्रथिनच नाही."

"पेशीनंच नक्कल चुकवली असन."

"पेशी दोन होताना डीएनएची नक्कल होते, पण चुका ती स्वतःच दुरुस्त करते. एखादी राहते, इतक्या नाही."

"मंग कोणत्या धाग्यात भेसळ हाय ते सांग!"

"सगळ्यांतच. सगळ्या फुलांना हात कोण लावतं?"

कोपऱ्यातून कामावरच्या जनकाबाई म्हणाल्या, "संध्याकाळी भाऊच फिरतेत. नर भाग काढायचा राहिलेल्या फुलाचे पराग बोटाले लागतेत, अन् तेच बोट दुसऱ्या फुलात."

पंजाबरावांचं तोंड एवढंसं झालं. त्या संध्याकाळी त्यांनी पारावर सगळ्यांदेखत सांगितलं की चूक बेबीताईची नव्हती, आपली होती. तरी मला त्यांची दया आली नाही.

पुढच्या हंगामात बेबीताई शेडनेटच्या दारात उभी राहिली. "चाबी माह्यापाशी राहीन. तुमी बाहीर."

पंजाबरावांनी किल्ली काढून दिली. आता संध्याकाळी ते जाळीबाहेर बसून आत बघत राहतात, दोन्ही हात मांडीखाली दाबून.