सूर्य बुडल्यावरचा वार

जावा बेटावरच्या सोलो शहरात आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी विनार्सिह कंप्युटरला कामं सांगते. माणसांना सांगून थकली असावी. पण कंप्युटरशी बोलायच्या भाषा वेगळ्या, आणि कंपनीचा साहेब बदलला की त्याही बदलतात, हे तिचं दुखणं. पन्नाशी आली, चष्मा जाड झाला, आणि आता दूर सुमात्रातल्या मेदानहून आलेल्या रेनहार्ड साहेबानं फर्मान काढलं: शुक्रवारी नव्या भाषेत एक चालता प्रोग्राम दाखवा. जमला तर खुर्ची राहील, नाहीतर खाली तक्रारींचे फोन उचलायला बसा.

"जा की बसायला," तिचा नवरा गियोनो चहा ओतत म्हणाला. "घरी तरी कुठं फोन सोडतेस!"

"अहो मास, दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून बघा, मग बोला."

नवी भाषा शिकायची तिची आपली एक रीत. जाड पुस्तकांच्या वाटेला जायचं नाही. आधी यंत्राकडून आपलं नाव लिहून घ्यायचं. मग त्याला उलटे अंक म्हणायला लावायचे. ते जमलं की वेतोन: जन्मतारीख दिली की यंत्रानं नेहमीचा वार आणि आम्हा जावी माणसांच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला वागे, क्लिवोन असा वार, दोन्ही जोडून सांगायचे. लग्न जुळवायचं तर आधी तोच विचारतात. नवी चूल आली की बाई आधी भात लावून बघते, तसं हिचं वेतोन. या खेपेला मात्र डोळे चुरचुरत होते, मन लागत नव्हतं. कसंबसं उरकलं आणि झोपली.

शुक्रवारी सगळे तिच्या टेबलाभोवती जमले. शेजारच्या टेबलावरची तुमिनी पुढं सरसावली. "माझी तारीख घाल गं."

यंत्र म्हणालं, मंगळवार वागे.

"अगंबाई! मी बुधवार क्लिवोनची! मगरिबची बांग झाली आणि मी पहिल्यांदा रडले, आई अजून सांगते. दिवस मावळला की पुढचा वार लागतो, हे तुझ्या यंत्राला कुणी सांगितलं नाही होय? आता मला दुसरा नवरा शोध, मंगळवारला जुळणारा!"

सगळे हसले. रेनहार्डनं फोनमध्ये तारीख पाहिली. "मंगळवारच आहे की. आमच्या मेदानला वार मध्यरात्री बदलतो, बू," तो विनार्सिहला अदबीनं म्हणाला. "बरोबर आहे तुमचं. चला, पुढचे कोण?"

विनार्सिह सुटली होती. उठायचं आणि कँटीनला जायचं, एवढंच उरलं होतं. तिचे पाय उठायला तयारही होते. पण ती हलली नाही.

"थांबा, पाक," ती साहेबाला म्हणाली. "चुकलंय. दर वेळी मी जन्मवेळही विचारते. या वेळी कंटाळले आणि सोडून दिली."

"मग राहू दे ना."

"चुकीचा वेतोन आहे हो. कसा राहू दे?"

ती टाइप करू लागली. पहिल्यांदा यंत्रानं लाल अक्षरांत नकार दिला. तिनं उसासा टाकला, पुसलं, परत लिहिलं. आता यंत्रानं वेळ विचारली, आणि सूर्य बुडून गेलेला असला की दोन्ही वार एकेक घर पुढं सरकवले. बुधवार क्लिवोन.

"वाचला माझा संसार!" तुमिनी म्हणाली.

रेनहार्ड खुर्ची ओढून बसला. "हे कुठंही न बघता लिहिलंत?"

आपण कुठं डोकावलोच नाही, हे विनार्सिहच्या तेव्हाच ध्यानात आलं. "तेवढंच येतं, पाक."

"पुरे आहे. सोमवारपासून या भाषेतलं नवं काम तुमच्याकडे."

तिनं चष्मा काढून डोळे चोळले. "आणि पुढची भाषा कधी?"

साहेब खो खो हसला. तिनं खरंच विचारलं होतं.