शेजारचा सेंटर हाफ

बर्मिंगहॅमला आम्ही घर घेतलं त्याच आठवड्यात शेजारच्या कुंपणावरून एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ डोकावले आणि म्हणाले, "आज कचऱ्याचा हिरवा बिन नाही, राखाडी ठेवायचा बाहेर." एवढं सांगून ते वळलेही होते, पण माझ्या अंगातला विटका फुटबॉलचा शर्ट बघून थांबले. "हा कुठल्या क्लबचा?"

मी सांगितलं, कोल्हापूरच्या आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचा. दोन पेठांची मॅच असली की आमच्याकडे दुकानं दुपारीच बंद होतात, हेही सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना. "इंडियात क्रिकेट असतं ना?" म्हणाले. मग मी फोनवर एका जुन्या मॅचचा व्हिडिओ लावून दिला. चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाजवळ धरून त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. "पब्लिक उत्तम आहे," ते म्हणाले. "सेंटर हाफ मात्र चुकीच्या जागी उभा राहतो."

तो सेंटर हाफ मीच होतो.

तिथून आमचं जमलं. तोंडावर आम्ही त्यांना इथल्या रीतीने पहिल्या नावानेच हाक मारायचो, पण आमच्या घरात ते काका आणि त्यांची बायको काकू झाल्या. काकू शाळेच्या किचनमधून रिटायर झालेल्या, ठेंगण्या, स्पष्टवक्त्या. काका एके काळी इथल्याच एका क्लबचे कॅप्टन होते हे मला त्यांच्याकडून नाही, पोस्टमनकडून कळलं. तेही बचावफळीच्या मधोमध खेळायचे, माझ्यासारखेच; फक्त ते पगार घेऊन खेळायचे आणि मी ऑफिस बुडवून. त्यांची ख्याती हेडरची, म्हणजे डोक्याने बॉल मारण्याची होती. हवेतला बॉल त्यांच्यावरून कुणी नेऊ शकत नसे, असं पोस्टमन म्हणाला, आणि तो त्यांना प्रत्यक्ष खेळताना बघण्याच्या वयाचा नव्हता.

मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "त्यात विशेष काही नाही. मैदानाच्या स्टँडखाली दोरीला बॉल टांगलेला असायचा. मंगळवारी आणि गुरुवारी डोक्याने मारत राहायचं, कोच थांब म्हणेपर्यंत." बॉल चामड्याचा होता. पावसात भिजला की दगड व्हायचा. शिवण कपाळावर बसली तर रक्त यायचं, म्हणून बॉल जवळ येताना शिवण कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, असं त्यांनी मला गंभीरपणे शिकवलं. मी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस. रविवारी आमच्या मराठी मंडळींबरोबर हॉल भाड्याने घेऊन खेळणारा. तरी मी ते लक्षपूर्वक ऐकलं.

दोनेक वर्षं अशी मजेत गेली. मग एका सकाळी त्यांनी दोन्ही घरांमधली हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, कापली आणि दुपारी पुन्हा कात्री घेऊन आले. मी म्हटलं, "सकाळीच कापलीत की." ते हेजकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर. बघायला आलो होतो." त्यांच्या आवाजात जी घाई होती ती मला आवडली नाही. पण मी आत कामाला परतलो.

त्यानंतर काही महिन्यांनी काकूंनी आमचं दार वाजवलं. मी घरून काम करत होतो. काका पाव आणायला गेले होते, तीन तास झाले होते. गाडी काढून आम्ही दुकानाच्या बाजूला शोधलं, बस स्टॉप शोधले. शेवटी काकू म्हणाल्या, "जुन्या मैदानाकडे ने." क्लबचं ते मैदान कधीच गेलं होतं, तिथे आता विटांची एकसारखी घरं आहेत. काका एका अनोळखी घराच्या फाटकापाशी उभे होते, हातात पाव. आम्हाला बघून म्हणाले, "गेट अजून उघडलं नाही." काकूंनी त्यांचा हात धरला. "आज ट्रेनिंग नाही," त्या म्हणाल्या, "आज सुट्टी." ते लगेच गाडीत बसले. सुट्टीचा त्यांना आनंदच झाला होता.

क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं आणि मग काकूंना विचारलं की हे खेळत असताना डोक्याने बॉल किती मारायचे, बेशुद्ध कधी पडले होते का. त्या संध्याकाळी काकू आमच्या किचनमध्ये बसल्या होत्या. माझ्या बायकोने चहा केला, आलं घालून, कारण त्यांना तो तसाच आवडायला लागला होता.

"शनिवारी मॅचवरून आला की हा पडदे ओढून अंधारात बसायचा," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, हरल्यामुळे रुसलाय. मी मुलींना सांगायचे, बाबांशी बोलू नका, ते हरलेत. आता आठवतंय की काही शनिवारी तर ते जिंकले होते."

बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खेळामुळेच झालं का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की एकट्या माणसाच्या बाबतीत तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. काही गोष्टी तर माणूस गेल्यावर, मेंदू तपासला तरच कळतात. त्यासाठी मेंदू दान करण्याचा फॉर्म असतो. तो काकूंनी आणला होता, पण काकांसमोर ठेवायचं धाडस होत नव्हतं.

ठेवला तेव्हा मी तिथे होतो. त्या दिवशी काका अगदी ठीक होते. त्यांनी सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि पेन मागितलं. "घेऊ देत," ते म्हणाले. "मला हल्ली त्याचा फारसा उपयोग होत नाही." काकू हसल्या आणि हसता हसता बाहेर गार्डनमध्ये निघून गेल्या.

पुढच्या वर्षी काकूंच्या कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालं. दर गुरुवारी सकाळी काकांना एका कम्युनिटी हॉलमध्ये न्यायचं काम त्यामुळे माझ्याकडे आलं. तिथे क्लबचे जुने खेळाडू आणि जुने चाहते जमायचे. ज्यांचं विसरणं सुरू झालंय त्यांच्यासाठीच ते ठेवलेलं, पण चांगली स्मरणशक्ती असलेलेही चहाबिस्किटासाठी यायचे. भिंतीवर जुने फोटो, टेबलावर मॅचची जुनी कार्यक्रमपत्रकं, आणि वाद. वाद नेहमी एकच: क्लबचा सर्वांत चांगला कॅप्टन कोण. काकांचं नाव निघायचं, आणि काकांनंतर आलेल्या कॅप्टनचंही. काकांच्या बाजूने त्यांचे हेडर मोजले जायचे. विरुद्ध बाजूने एकच गोष्ट असायची, कपची सेमीफायनल. शेवटच्या मिनिटांत काकांनी आपल्याच गोलकीपरकडे डोक्याने मागे टाकलेला बॉल कमी पडला, मध्ये समोरचा फॉरवर्ड घुसला आणि क्लब हरला. पन्नास वर्षं झाली तरी या शहरात काही माणसांना काकांविषयी तेवढंच ठाऊक होतं. कोल्हापुरात माझ्या चुकलेल्या एका पेनल्टीबद्दल अजून लोक मला विचारतात, त्यामुळे मला ते नीट कळत होतं.

काका हॉलमध्ये असले की ही मंडळी तो विषय टाळायची. पण त्या गुरुवारी कानाला मशीन लावलेल्या एका चाहत्याने काका आलेत हे बघितलंच नाही. तो मोठ्याने म्हणाला, "कॅप्टन म्हणून ठीक होता, पण सेमीफायनल त्याने घालवली." शेजारच्याने त्याची बाही ओढली.

काका पुढे झुकले. "कुणाबद्दल बोलताय?"

हॉल चालवणाऱ्या बाईंनी भिंतीवरचा फोटो काढून त्यांच्या हातात दिला. फोटोत पंचविशीचे काका, काळे केस, भुवईवर टाके. काकांनी तो लांब धरला, जवळ धरला. स्वतःला त्यांनी ओळखलं नाही.

"हा होय," ते म्हणाले. "याला बघितलंय मी. हवेत चांगला. वळायला मंद." दोघेतिघे हसले, सुटकेचं हसले. मग काका म्हणाले, "पण त्या गोलचा दोष त्याला देऊ नका. मागे बघता येत नाही त्या वेळी. कीपरने हाक द्यायची असते. हाक आलीच नाही."

खिडकीपाशी वॉकर टेकवून एक म्हातारे बसले होते, हाताची बोटं वाकडी झालेली. तेच त्या मॅचचे गोलकीपर, हे मला ठाऊक होतं. ते दर गुरुवारी यायचे आणि या वादात कधी तोंड उघडायचे नाहीत.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी हाक दिली नाही."

मग ते सावकाश बोलायला लागले, आमच्याकडे न बघता. पहिल्या हाफमध्ये काकांच्या कानशिलावर समोरच्याचं कोपर बसलं होतं. काका पडले होते. ट्रेनरने ओला स्पंज फिरवला आणि उठवलं. हाफटाइमला काकांनी कीपरला दोनदा स्कोअर विचारला आणि मग विचारलं, आपण कुठल्या गोलकडे खेळतोय. "बदली खेळाडू तेव्हा एकच असायचा आणि तो आधीच आत गेला होता," कीपर म्हणाले. "मी कुणाला सांगितलं नाही. आम्हाला जिंकायचं होतं. आणि शेवटी त्याला बॉलखाली येताना बघितलं, तेव्हा वाटलं, याला घेऊ द्यावा. हा कधी चुकत नाही. मी गप्प राहिलो. नंतर पेपरवाल्यांसमोर तो म्हणाला, चूक माझी. तेव्हाही मी गप्प राहिलो."

काका लक्ष देऊन ऐकत होते. "वाईट वाटून घेऊ नका," ते कीपरना म्हणाले, अनोळखी माणसाशी बोलावं तसं. "हरायची वेळ सगळ्यांवर येते." आणि आपल्या बशीतलं बिस्किट त्यांनी कीपरच्या बशीत ठेवलं.

गाडीत परतताना काका रस्त्याकडच्या झाडांविषयी बोलत होते. कीपरनी सांगितलेलं काकूंना सांगावं की नाही, याचा मी रस्ताभर विचार करत होतो. सांगितलं. त्या पलंगावर पाय उंच करून पडल्या होत्या. ऐकून घेतल्यावर त्यांनी उशाशी असलेला फोन माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "त्या माणसाला फोन कर. रविवारी जेवायला ये म्हणावं."

"रागवणार आहात का?" मी विचारलं.

"रागवणार आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी जेवू दे त्याला."

कीपर आले, टॅक्सीने, फुलं घेऊन. जेवणानंतर काकू त्यांच्याशी दार बंद करून बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. त्या दिवसापासून ते दर रविवारी येतात. काका त्यांना ओळखत नाहीत, पण ते आले की खुर्ची ओढून जागा करतात. दोघे टीव्हीवर मॅच बघतात, आवाज बंद करून, कारण काकांना गोंगाट सहन होत नाही. काकू त्यात बसत नाहीत. त्या आमच्याकडे येतात, माझ्या बायकोबरोबर वरण शिजत असताना बोलत बसतात.

आमच्या रविवारच्या खेळात मी आता हेडर मारत नाही. मंडळी चेष्टा करतात, मी बॉल छातीवर घेतो. मागच्या महिन्यात मी काकूंना विचारलं, हे सगळं तेव्हा माहीत असतं तर काकांनी खेळ सोडला असता का. त्या भाजी निवडत होत्या, मेथी. ती कशी निवडायची ते बायकोने त्यांना शिकवलंय.

"नसता सोडला," त्या म्हणाल्या. "मी भांडले असते, खूप भांडले असते. आणि शनिवारी त्याचा शर्ट इस्त्री करून दिला असता." थोडा वेळ त्या देठ मोडत राहिल्या. "पण त्याला हे ठाऊक असायला हवं होतं रे. ते सांगायचं काम कुणाचं तरी होतं."