हुसेनभाई आणि दोन बोटी

साल दोन हजार बावीस. हुसेनभाई तेव्हा अडुसष्ट वर्षांचा, मी बाहत्तर वर्षांचा. हडपसरात ट्रकच्या, बसच्या सीटा शिवण्यात त्याचा जन्म गेला. आता तो नाही. पण नव्या खुर्चीत बसलो, की तो समोर उभा राहून बघतोय असं अजून वाटतं. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याला बसवायचा आणि गप्प बघत राहायचा. "तोंड खोटं बोलतं आबा, बूड बोलत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझा ट्रॅक्टर, मुलाची गाडी, सुनेचा सोफा, सगळ्यांत तो आधी बसला. ठरवलं अर्थात मीच.

माझी शाळा चौथीपर्यंत, पण खरेदीत मला कुणी फसवलेलं नाही. त्या वर्षी मात्र अडकलो. मुलानं मुळशीच्या पाण्याकाठी घर बांधलं आणि घरच्यांना फिरवायला वेगाची मोटरबोट घ्यायचं काढलं. दोन पसंत पडल्या. लांबी तीच, इंजिन तेच, माणसं बसणार तेवढीच. मुलाला लाल पट्ट्याची हवी, सुनेला निळ्या. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. शेवटी म्हणाले, "आबा, तुम्ही म्हणाल ती." आता माझ्या शब्दावर घर टेकलेलं, आणि मला तर दोन्ही जुळ्या बहिणी वाटत होत्या.

हुसेनभाईला घेऊन दुकानात गेलो. चपला काढून तो लालमध्ये बसला, मग निळीत, मग परत लालमध्ये. विकणारा कंटाळला. "काका, काय ठरलं?"

"हिच्यात बसलो की ती बरी वाटते. तिच्यात बसलो की ही."

"का रे, तुझं बूड खोटं बोलत नाही ना?" मी म्हणालो.

"जमिनीवर नाही बोलत. ही पाण्यावरची वस्तू आहे, आबा."

म्हणून सगळं घर घेऊन पाण्यावर गेलो. आधी निळी. वेग घेतला तसं बोटीनं नाक वर केलं, आणि हुसेनभाईनं माझं मनगट असं आवळलं की बोटं वळली. लालमध्येही तेच. काठावर उतरताच मुलगा आणि सून एकदम म्हणाले, "कुठली?" हुसेनभाई गादीबद्दल काहीतरी बोलेल म्हणून त्याच्याकडे बघितलं.

त्यानं माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, घरात पोहता कुणाला येतं?"

"ह्यांना. विहिरीत शिकलेत."

"अजून कुणाला?"

ती विहीर आम्ही बुजवली, तिथं इमारत उभी राहिली, आणि नंतर घरातलं कुणी पाण्यात उतरलंच नव्हतं. नात म्हणाली, "आजोबा, अंगात लाईफ जॅकेट असतं की!"

"असतं ना, बेटा. आत्ता अंगात होतंच की माझ्या. तरी तुझ्या आजोबांचा हात बघ, कसा लाल केलाय मी."

मी चिडलो. "तुला तरी येतं का पोहायला?"

"नाही ना! दोन्ही बोटींत मला सीट कळलीच नाही. नुसतं पाणी दिसत होतं."

परतताना गाडीत लाल-निळं कुणी काढलं नाही. दोन्हींत बरी कुठली, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विकणाऱ्याला फोन करून बोटीचा सौदा तूर्त थांबवला आणि मुलगा, सून, नात यांना घेऊन पोहण्याच्या तलावावर गेलो. फाटकाशी हुसेनभाई उभा, खांद्यावर टॉवेल. "बघायला आलोय," म्हणाला. नातीनं त्याला फोन करून कळवलेलं. आधी त्यालाच पाण्यात उतरवला.