फोनवर ऐकलेला माईक

सेलूच्या आठवडी बाजारामागच्या गल्लीत 'वर्षाली साउंड सर्व्हिस' अशी निळ्या रंगातली पाटी होती. पाटी लागली १९९१ साली, तेव्हा वर्षाली पाच वर्षांची होती आणि दुकानात एक कर्णा, एक अँप्लिफायर आणि दोन माईक एवढाच माल होता. घरची शेती थोरल्या भावाकडे सोपवून रूपरावांनी हा धंदा धरला. भावकीने नाकं मुरडली. पुढे त्याच भावकीच्या पोरांच्या लग्नांत रूपरावांचाच माईक वाजला, हा भाग वेगळा.

रूपरावांना दोन गोष्टींचा अभिमान होता. पहिली म्हणजे त्यांचा माईक भर मांडवात कधी मुका झाला नाही. दुसरी म्हणजे त्यांचा कान. तीन गल्ल्या पलीकडे कुणाचा कर्णा वाजत असला तर हा माणूस जेवता जेवता सांगायचा की त्याच्या वायरचा टाका सुटत आलाय. बऱ्याच वेळा ते खरंही निघायचं. न निघालं तर तेवढं कुणी लक्षात ठेवत नसे, आणि रूपराव तर मुळीच ठेवत नसत.

जुना माईक घेण्याची त्यांची एक रीत होती. नागपूरच्या बाजारात जायचं, दुकानदाराला माईक जोडायला लावायचा, त्याच्या हातात देऊन 'बोला' म्हणायचं आणि आपण दहा पावलं मागे जाऊन डोळे मिटून उभं राहायचं. माईक कसा दिसतो हे ते पाहतच नसत. बोलला तर घ्यायचा, घशात अडकला तर ठेवून द्यायचा. या रीतीने घेतलेला एकही माईक वाया गेला नव्हता.

त्यांच्या बायकोचं, आनंदाबाईंचं, नाव मात्र त्यांच्याहून मोठं होतं. सेलूत आणि आजूबाजूच्या पाचसहा गावांत मुलीचं लग्न ठरलं की पत्रिका आधी आनंदाबाईंकडे यायची. त्या मंगलाष्टक स्वतः रचायच्या. नवरीचं नाव, तिच्या आईचं नाव, गावची विहीर, दारातला कडुनिंब, असं सगळं त्यात यायचं आणि ते त्या पत्रिकेच्याच पाठीवर लिहून काढायच्या. त्यांनी सूर लावला की मांडवातले बापे रुमाल शोधायला लागत. वर्षालीचं मंगलाष्टक तर ती दहावीत असतानाच लिहून डब्यात ठेवलं होतं. त्यात एकच जागा कोरी होती, जावयाच्या नावाची.

२००६ साली त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज बसला तो कायमचा. बोलणं इतकं बारीक झालं की चुलीजवळ बसून बोलल्या तर दारात ऐकू येत नसे. पत्रिका घेऊन कुणी आलं की त्या हाताने नाही म्हणायच्या, चहा करायच्या आणि पत्रिका तशीच परत द्यायच्या. या गोष्टीचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. रूपरावांना मात्र ते बोलल्याशिवाय कळायचं.

दोन वर्षांनी वर्षालीचं लग्न आर्वीच्या गजेंद्रशी ठरलं. त्याचे वडील पुंडलिकराव किराण्याचे व्यापारी, माणूस मोकळा. बैठक उठली, पाहुणे गेले आणि रूपराव बायकोला म्हणाले, "मंगलाष्टक तूच म्हणजो."

"म्हणीन. पण आयकन कोण?" आनंदाबाई म्हणाल्या.

रूपरावांनी दुकानातले सगळे माईक एकेक करून त्यांच्यापुढे धरले. आवाज वाढवला की शिट्टी वाजायची, कमी केला की आनंदाबाईंचा आवाजच गायब. नाजूक आवाज पकडणारा भारी माईक पाहिजे होता, आणि तसला नवा माईक घेण्याची त्यांची ऐपत नव्हती.

वर्षाली वर्ध्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. इंटरनेटवर जुन्या वस्तू विकणारी एक साइट आहे, तिथे माईकही असतात, असं ती एकदा सहज बोलून गेली आणि मग पस्तावली. रूपरावांनी दुसऱ्याच दिवशी वर्ध्याची बस धरली आणि तिच्या क्लासमध्ये जाऊन बसले. दिल्लीच्या कुणाकडे गाण्याच्या स्टुडिओतला माईक होता. फोटो झकास. वर्षालीने परोपरीने सांगितलं की फोटो कुणीही कसलाही लावतो, डबीत काय निघेल याचा नेम नसतो, आधी पैसे भरायचे म्हणजे आपला हात दगडाखाली. रूपराव शांतपणे ऐकत होते.

"मी फोटो पाहूनच नाई राह्यलो," ते म्हणाले. "मी आयकून घेतो."

आणि त्यांनी खरंच ऐकून घेतला. घरी येऊन दिल्लीला फोन लावला. त्यांची हिंदी सेलूची आणि समोरच्याची दिल्लीची, पण जमलं. माईक जोडा, त्यात बोला आणि फोन तिथेच धरा, असं त्यांनी त्याला सांगितलं. पलीकडचा माणूस भला गोड. 'अभी लीजिए' म्हणाला आणि माईक की जय, दादा की जय, असं काहीबाही बोलला. रूपरावांनी डोळे मिटले होते. आवाज असा स्वच्छ की श्वाससुद्धा ऐकू यावा. त्यांनी आनंदाबाईंच्या कानाशी रिसीव्हर नेला. त्यांनाही ऐकू आलं आणि त्या कित्येक दिवसांनी हसल्या. दुसऱ्या दिवशी रूपराव बँकेत जाऊन पैसे भरून आले.

पार्सल आलं लग्नाच्या नऊ दिवस आधी. माईक फोटोतल्यासारखाच होता, हातात वजनदार, थंडगार. जोडला, फुंकर मारली, टिचकी मारली. काही नाही. वायर बदलली, अँप्लिफायर बदलला, तरी काही नाही. शेवटी स्क्रू काढून उघडला तर आत आवाज धरणारा पडदाच नव्हता. त्याच्या जागी वजनासाठी लोखंडाचा एक तुकडा एम-सीलने चिकटवून ठेवला होता. दिल्लीचा फोन लावला तर तो आता लागत नव्हता.

रूपराव त्या लोखंडाकडे पाहत राहिले. त्यांना कळेना की आपल्या कानाने दगा दिला कसा. वर्षाली त्यांच्याशेजारी बसली. तिने 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, एवढी ती शहाणी होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही माईक नाई आयकला. तो फोनमध्येच बोलला असन. तुम्ही त्याचा फोन आयकला."

सतरा वर्षं माईक विकले, भाड्याने दिले, दुरुस्त केले, आणि फोनलाही स्वतःचा माईक असतो एवढी साधी गोष्ट या माणसाच्या ध्यानात आली नव्हती. रूपराव ओशाळले. बाजारात कुणी विचारलं तर माईक रस्त्यात आहे म्हणायचे. घरात तर ते बोलतच नव्हते. पैशाचं त्यांना फार वाटलं नाही. बायकोला एकदा हसवून पुन्हा गप्प केलं, हे त्यांना लागलं होतं.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी दुपारी आनंदाबाई नालवाडीच्या बहिणीशी, रुख्माबाईशी, फोनवर बोलत होत्या. आहेर, बांगड्या, कोण कोणत्या गाडीने येणार, अशा बायकांच्या गोष्टी. रूपराव पलंगावर आडवे होते. त्यांना बायकोचा शब्दही ऐकू येत नव्हता, पण रिसीव्हरमधून नालवाडीची बहीण मात्र दर वाक्याला टपटप उत्तर देत होती. ती 'काय म्हणतं' असं एकदाही म्हणाली नाही. रूपराव उठून बसले.

"तिले आयकू येते काय तुझं?" त्यांनी विचारलं.

"फोनवर येते न. तिले कधीच दुसऱ्यांदा सांगा नाई लागत."

रूपरावांनी पायात चपला घातल्या आणि दुकानात गेले.

लग्नाच्या दिवशी सकाळी घरात गर्दी असताना त्यांनी फोनच्या रिसीव्हरची बोलायच्या बाजूची वाटी फिरवून काढली. आतला करंगळीच्या नखाएवढा माईक अलगद सोडवला, दिल्लीच्या त्या भारदस्त माईकच्या नळीत लोखंडाच्या जागी बसवला आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल त्याला जोडून दिला. मांडवातले कर्णे त्यांनी बंद केले. दोनच लहान बॉक्स ठेवले, तेही शिट्टी वाजू नये म्हणून आनंदाबाईंकडे पाठ करून. पुंडलिकरावांनी विचारलं की माईकवाल्याच्या घरचं लग्न आणि असं बारकं साउंड काऊन. रूपराव म्हणाले, जी, आज एवढंच पुरे.

अंतरपाट धरला गेला. आनंदाबाईंनी माईक अगदी ओठांशी धरला आणि डब्यातून काढून पत्रिकेच्या पाठीवर उतरवलेलं मंगलाष्टक वाचायला सुरुवात केली. आवाज आला. पहिल्यासारखा भरलेला नव्हता. बारीक, थोडा नाकातला, दूरच्या गावाहून कुणी फोन केल्यासारखा आला. पण शब्दन् शब्द ऐकू आला. विहीर आली, कडुनिंब आला, गजेंद्रचं नाव कोऱ्या जागेत बरोब्बर बसलं. मांडव इतका गप्प झाला की मागे स्वयंपाक्यांच्या झाऱ्यांचा आवाज येत होता. अंतरपाटाच्या आड वर्षाली मान खाली घालून रडत होती, आणि रूपराव अँप्लिफायरच्या बटणावर बोट ठेवून डोळे मिटून उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला. आनंदाबाईंनी धावत जाऊन उचलला. आर्वीहून वर्षाली होती. आनंदाबाई 'बोल माय' म्हणाल्या, पुन्हा म्हणाल्या, जमेल तेवढं ओरडूनही पाहिलं. पलीकडे वर्षालीचं 'आई, आई' सुरूच होतं. रूपरावांनी दारातून ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. फोनचा आवाज अजून दिल्लीच्या नळीतच होता. ते तसेच दुकानाकडे पळाले.

तोवर पलीकडे वर्षाली क्षणभर थांबली आणि मग हसली. बापाची करामत तिने काल मांडवातच ओळखली होती.

"आई, तू बोलू नको," ती म्हणाली. "बाबानं फोनमधला माईक काढला न? मले कालच समजलं होतं. तू फक्त आयक. मी बरी आहे. तुझं मंगलाष्टक इथं सासूबाईनं लिहून मागतलं. मी सांगतलं, लिहून नाई, आई फोनवर म्हणन."

रूपराव वायरला टाका लावायची सोल्डरिंगची इस्तरी आणि ती नळी घेऊन धापा टाकत परतले, तेव्हा आनंदाबाई रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला हातानेच सांगितलं, घाई नका करू, ती बोलून राह्यली.